वन्सं, होडी ठरली होती

वन्सं, शनिवारी संध्याकाळी तुमचा फोन वाजला. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर, तुम्ही रोज ठेवायचात तिथंच होता. गुरुवारी तुम्ही गेलात, शुक्रवारी तुम्हाला पोचवून आलो, आणि त्या सगळ्यात तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तुमचे भाऊ आतल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडले होते. मी उचलला. पलीकडून महेश्वरचा नावाडी, एकदम खुशीत: "नर्मदे हर, बाईजी! कल पक्का ना? सात सवारी की जगह रख ली है मैंने."

मी म्हटलं, "भिया, बाईजी नहीं रही."

तो म्हणाला, "अरे राम राम! अभी तो बात करी थी उन्ने." आत्ताच तर बोलले होते, हे वाक्य या आठवड्यात मी कितीदा ऐकलं असेल. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि दोन दिवस न आलेलं रडू आलं. उभ्या उभ्या, फोन कानाला लावून, एका अनोळखी माणसाला ऐकू जाईल अशी रडले. तुमच्या भाषेत सांगायचं तर बेशरमासारखी.

होडी रद्द करायची राहूनच गेली होती. ती ठरवली तुम्ही, नावाड्याचा नंबर तुमच्याकडे, वेळ तुम्ही घेतलेली. एका दिवसाची सहल. तुम्ही, आम्ही दोघं, मंदार आणि सूनबाई, आणि पुण्याहून अनघा, जावई नि चार वर्षांची इरा. सकाळी लवकर सुदामा नगरातून निघायचं, महेश्वरला घाटाच्या वर गाड्या ठेवायच्या, पायऱ्या उतरून सवारी होडीत बसायचं, पलीकडच्या गावी झाडाखाली दशम्या खायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत. इंदूरची माणसं उठसूट महेश्वरला जातात. त्यात सांगण्यासारखं काय? पण आपल्या घरात ही सहल साधी नव्हती, कारण वन्सं, तुम्ही नर्मदा ओलांडणार होतात. तीस वर्षांहून जास्त काळ तुम्ही ती ओलांडली नव्हती.

बाहेरच्या माणसाला मी हे सांगायला गेले की तो म्हणायचा, नाही ओलांडली तर काय बिघडलं? मग मी नकाशाच समजावून द्यायची. अहो, आम्ही इंदूरचे मराठी लोक. आमचं सगळं गणगोत त्या बाजूला. पुणं, नाशिक, माझं माहेर धुळं. बसनं जा, खलघाटाला ती आडवी. रेल्वेनं खंडव्याकडून जा, पुलाखाली ती. बडोद्याकडून वळसा घाला, तर भरूचला समुद्राला मिळता मिळताही ती वाट अडवून बसलेली. विमानाचं काढलं तर तुम्ही म्हणायचात, "वरून गेलं तरी ओलांडणंच झालं ना, सुमन? खालून बघून राहिलीच असेल ती." टेलिफोन एक्सचेंजमध्ये तुमची नोकरी. मुंबई-पुण्याचे ट्रंक कॉल जोडून द्यायचात, साऱ्या इंदूरचा आवाज नदीपार पोचवायचात. स्वतः मात्र इकडच्या काठावर पाय रोवून बसलात.

मला याचा किती राग यायचा! मी धुळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा आधी तुमच्या मराठीला हसले, 'करून राहिले', 'येऊन राहिले' ऐकून. मग तुमच्या हट्टाला हसले. पुढे हसू संपलं. भांडणं उरली.

पण सुरुवात मी पाहिली होती, वन्सं. ती मी विसरलेली नाही. सासूबाई पायी परिक्रमेला निघाल्या होत्या, ओंकारेश्वराहून संकल्प सोडून, दक्षिण काठानं. परिक्रमावासीनं नर्मदा ओलांडायची नसते, ओलांडली की परिक्रमा तुटली. बडवानीच्या आसपास त्या तापानं आडव्या झाल्या. त्याचा ट्रंक कॉल आला तो नेमका तुमच्याच बोर्डवर. तुमचे भाऊ दौऱ्यावर होते, मी तान्ह्या मंदारला आणि छोट्या अनघाला घेऊन घरात. तुम्ही एकट्या जीप करून गेलात. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, इंदूरला न्या म्हणाले. बरोबरच्या परिक्रमेच्या बायका म्हणत होत्या, बेटी, थोडं थांब, शुद्धीवर येऊ दे, तिला विचार, मग ने. तुम्ही थांबला नाहीत. कोण थांबलं असतं? बेशुद्ध आईला जीपमध्ये आडवी घातलीत आणि पुलावरून इकडे आणलीत. उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असं इथल्या डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर सासूबाईंनी पाणी मागितलं नाही. विचारलं, "मी कुठल्या काठावर आहे?" मी शेजारीच उभी होते. खोटं बोलता आलं असतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "इंदूरला आहेस, आई." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

पुढे त्या कित्येक वर्षं जगल्या, चांगल्या खाऊन-पिऊन जगल्या. तुम्हाला एक शब्दानं बोलल्या नाहीत त्यावरून. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटायचं. दोघी कडकडून भांडला असतात, दोन दिवस जेवला नसतात आणि विषय संपला असता. त्या गप्प राहिल्या आणि तुम्ही स्वतःला शिक्षा लावून घेतलीत. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. आईची तोडली ना मी, आता मीपण इकडेच, एवढंच एकदा म्हणालात, तेही ताक घुसळताना, माझ्याकडे न बघता.

माझा यातल्या कशावर विश्वास नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. नदीला काय पडलंय कोण अलीकडे आणि कोण पलीकडे याचं? मी हे तोंडावर म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "नदीला नसेल पडलं. मला पडलंय." कपाळ!

खरं सांगू का, तुम्ही इकडे पक्क्या बसलेल्या होतात म्हणून मला तिकडे जाता यायचं. माझे वडील गेले त्या दिवशी तुम्ही माझी पिशवी भरलीत, बस स्टँडवर सोडायला आलात, खिडकीतून पोळ्यांचा डबा दिलात आणि म्हणालात, "तू जा, सुमन. तेराव्यापर्यंत यायचं नाव काढू नको. पोरं माझी आहेत." माझी शाळेची नोकरी, माझी बाळंतपणं, माझी माहेरपणं, सगळं तुमच्या जिवावर झालं. मी बसमध्ये बसून धुळ्यापर्यंत रडले ते वडिलांसाठी, पण त्यात थोडं तुमच्यासाठीही होतं. माझ्या माहेरच्या दारातून तुम्ही कधी आत आला नाहीत. माझ्या आईनं तुमच्यासाठी घेतलेलं लुगडं मीच नेहमी आणून द्यायची. हे सगळं तुमच्यासमोर कधी बोलले नाही मी. आपण दोघी कुकरच्या शिट्ट्यांवरून भांडण्यातच पटाईत.

पण अनघाच्या लग्नाचं मी तुम्हाला माफ केलं नाही. आजही नाही. त्या पोरीला वाढवली कुणी? केस विंचरले कुणी, पाढे कुणी पाठ करून घेतले? पहिल्यांदा पाळी आली तर ती माझ्याकडे नाही आली, तुमच्याकडे आली. ती पुण्यात नोकरीला लागली, तिथलाच मुलगा पसंत केला, लग्न पुण्यात ठरलं. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. हे म्हणाले, "ताई, तुला पूल नको ना, चल अमरकंटकावरून नेतो, जिथं उगम पावते तिथून वळसा घालू." थट्टेनं म्हणाले, पण अनघानं खरंच फोनवर रस्ता काढून बघितला होता. केवढा तो वळसा! तरी ती म्हणत होती, मी सुट्टी घेते, आत्याला मी स्वतः आणते. तुम्हीच नाही म्हणालात. एका म्हातारीपायी पोरगी आपल्या लग्नाआधी हिंडून राहिली, शोभतं का, म्हणालात.

तुम्ही तिच्यासाठी एक मंगलाष्टक रचलं होतं. मंदारनं मांडवात फोन माईकजवळ धरला. पहिली ओळ छान म्हटलीत, सगळा हॉल शांत झाला. दुसऱ्या ओळीला नेटवर्क गेलं. मंदार 'हॅलो, आत्या, हॅलो' करत राहिला, मुहूर्त टळत होता, गुरुजींनी 'शुभ मंगल सावधान' म्हणून टाकलं. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा अनघाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि लोकांना वाटलं सासरी जायचं म्हणून. रात्री ती मला म्हणाली, "आई, आत्यानं नदी निवडली गं. मला नाही निवडलं." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत होतं, असं वाटतं.

मग त्या चिमुरडीनं एका वाक्यात जे केलं ते आम्हा सगळ्यांना एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर इरा म्हणाली, "आत्याआजी, तू आमच्याकडे का येत नाहीस? आम्ही तुला आवडत नाही?" अनघानं फोन ओढून घेतला. त्या रात्री तुम्ही ताटातली पोळी अर्धी ठेवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांवर शेव घालत होते तेव्हा मागून म्हणालात, "सुमन, महेश्वरहून पलीकडे होडी जाते ना गं अजून?"

माझ्या हातून शेवेचा डबा सांडला. तुम्ही म्हणालात, "बघ, काय करून राहिलीस! शेव काय फुकट येते?"

त्यानंतरचे दिवस, वन्सं, आपल्या घरातले फार चांगले दिवस होते. आपण सगळे त्या एका सहलीवरून अखंड भांडत होतो. हे म्हणाले, ओलांडायचीच आहे तर सरळ गाडीत बस, खलघाटाच्या पुलावरून पुण्याला जाऊ, एकदाचं घोडं गंगेत न्हाऊ दे. तुम्ही म्हणालात, "पुलावरून नाही. एकीला झोपेत पुलावरून आणली ना, तेवढं बस झालं. मी माझ्या पायांनी उतरेन, माझ्या पायांनी चढेन, तिच्या पाण्याला हात लावून विचारेन. आणि त्याच दिवशी परत येईन. तिनं काही नाही म्हटलं तर मग पुण्याचं बघू." मंदारनं स्पेशल होडी करू म्हटलं, तर तुम्हाला तीही नको. दूधवाले, सायकलीवाले, शाळेच्या बाया जातात त्याच होडीतून जायचं. गाडी अलीकडेच ठेवायची. मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? घाटाच्या त्या पायऱ्या बघितल्या आहेत का? त्यावर तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीचा जिना चढउतार करायला लागलात, कठड्याला धरून, तोंडानं नर्मदे हर म्हणत. पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. मी हसून हसून बेजार. म्हटलं, "वन्सं, पीटीच्या मास्तरीण दिसताय!" तुम्हीही हसलात. बहात्तराव्या वर्षी तुम्ही आरशासमोर बूट घालून उभ्या राहिलात आणि मान वळवून मागून कसे दिसतात ते बघितलंत. म्हणून मला वाटतं, तुम्ही जाणार होतात.

आणि मग बुधवारी तुम्ही नावाड्याशी बोललात. मी चहा गाळत होते. "देखो भिया, रविवार को, सात सवारी. हां, सात. जगह रखना, बूढ़े लोग हैं."

तुम्ही फोन ठेवल्यावर मी बोटांवर मोजलं. म्हटलं, "वन्सं, सात कसे? आपण आठ आहोत."

"इरा काय सवारी आहे? मांडीवर बसेल ती."

"चार वर्षांची घोडी मांडीवर बसेल? ती जागा धरूनच बसणार."

"तर मग बसेल. तू काय हिशेब लावून राहिलीस सकाळी सकाळी?"

मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही कपात बघत होतात. मला शंका आली, तिथल्या तिथं आली. मी म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. आम्हाला होडीत बसवून तुम्ही घाटावर पिशव्या सांभाळत बसणार नाही ना?" तुम्ही म्हणालात, "चल हट!" आणि उठून कढीपत्ता तोडायला बाहेर गेलात. त्यानंतर दिवसभर दशम्या करायच्या की पुऱ्या यावरून वाद घातलात माझ्याशी. मी पुऱ्या म्हटलं, तुम्ही दशम्या. रात्री झोपताना दारातून म्हणालात, "पुऱ्या वातड होतात सुमन, प्रवासात." मी म्हटलं, "बघू सकाळी."

सकाळी तुम्ही चहाचं आधण ठेवून अंघोळीला गेलात. आधण उकळून उकळून आटलं. मी दार वाजवत राहिले. मंदारनं कडी तोडली.

बस. याच्यापुढे मला लिहवत नाही.

रविवारी तुमच्या अस्थी घेऊन आम्ही महेश्वरला गेलो. कुणी ठरवलं असं नाही. गुरुजी म्हणाले नर्मदेतच सोडा, होडीही त्या दिवसाची होतीच, झालं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! इराला घरी ठेवायला कुणी नव्हतं, तीही आली. दोन गाड्या निघाल्या. अनघा मागच्या गाडीत होती. गुरुवारी निरोप मिळाल्यापासून ती रडली नव्हती. शनिवारसाठी भरलेली बॅग घेऊनच ती दोन दिवस आधी आली होती, सहलीचे कपडे, इराची टोपी, तुमच्यासाठी घेतलेला गॉगल. चितेपाशी उभी राहून मला म्हणाली, "आई, ती येणार होती. एवढं तरी आहे माझ्याकडे."

नावाड्यानं त्या दिवशी दुसऱ्या सवाऱ्या घेतल्याच नाहीत. हात जोडून उभा होता. आम्ही एकेक चढलो, यांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. त्यानं सवयीनं माणसं मोजली आणि हळूच म्हणाला, "सात. बाईजी ने सात ही बोला था."

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नाही. इरा धरून आम्ही सात होतो, वन्सं. तुम्हाला सोडून सगळे.

मधल्या धारेत त्यानं इंजिन बंद केलं. "यहीं कर दो बाबूजी." हे गाठ सोडायला लागले. अनघा म्हणाली, "नाही. इथं नाही. भिया, उस पार चलो. आधी आत्याला पलीकडे न्यायचं. तिचे पाय नाही तर नाही, पण तिला त्या काठावर टेकवायचं. मग येताना सोडू." जावई म्हणाले, बरोबर आहे. मंदार म्हणाला, चला. हे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्या आयुष्यात यांनी तुमच्याबद्दलचा एकही निर्णय मला विचारल्याशिवाय घेतलेला नाही.

आणि मी नको म्हणाले.

मी म्हणाले, वन्सं! जी आयुष्यभर तुमच्याशी या नदीवरून भांडली, ती मी. अनघा म्हणाली, "आई, तुझा तर विश्वासच नाही या कशावर!" मी म्हटलं, "माझा नाही. त्यांचा होता." ती म्हणाली, "ती येणार होती! तिनं बूट आणले होते!" मी म्हटलं, "येणार असत्या तर स्वतःच्या पायांनी आल्या असत्या. असं नाही. मडक्यात घालून, न विचारता नाही न्यायचं कुणाला. तुझ्या आजीला एकदा नेलं होतं असं. त्याचं काय झालं ते बघितलंस ना?" ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा तो चेहरा विसरता येणार नाही. सातांचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मीच खरी ठरले असते, आणि ती पोर उद्ध्वस्त झाली असती.

मी नावाड्याला म्हटलं, "भिया, यहीं से वापस लो." यांनी फडकं सोडलं. राख पाण्यावर थोडी पसरली आणि गेली. पलीकडचा काठ दिसत होता, एक बाई कपडे धूत होती. होडी वळली. अनघानं एकदाही मागं बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

घाटावर चढल्यावर तिनं इराला उचललं, यांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. मी म्हटलं, घरी चल, चार घास खा. ती म्हणाली, "इथून खलघाट जवळ आहे. आम्ही तिकडूनच पुण्याला निघतो." दशम्या मी केल्या होत्या, पुऱ्या नाही. डबा तिला द्यायचा राहून गेला. आम्ही तो मानपूरच्या पुढे गाईला घातला.

तेव्हापासून घर असं झालंय की विचारू नका. हे तुमच्या खाटेवर जाऊन बसतात. मी दोन वेळा स्वयंपाक करते आणि दोन वेळा झाकून ठेवते. सकाळी पोह्यांना फोडणी टाकताना मी मोठ्यानं म्हणते, मीठ बघा हो वन्सं, आणि मग गॅस बंद करून तिथंच उभी राहते. इतक्या वर्षांत तुम्ही नसलेलं हे घर मी एक दिवसही पाहिलेलं नाही. मी माहेरी जायची, पोरं शिकायला गेली, हे दौऱ्यावर जायचे. तुम्ही कुठेच जात नव्हता ना! त्या न जाण्याचा मला किती राग होता, आणि किती आधार होता, देवा! आता कुणाच्या भरवशावर कुठं जाऊ? आणि जाऊन तरी काय करू? लोक म्हणतात, सुटल्या, हाल झाले नाहीत. मला वाटतं झाले असते तर चार दिवस सेवा घडली असती, चार गोष्टी बोलून झाल्या असत्या. हे वाईट आहे, मला कळतंय. पण वाटतं ते वाटतंच.

काल अनघाचा फोन आला. रविवारनंतर पहिल्यांदा. मला वाटलं तेराव्याचं विचारेल. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, "आई, एकच सांग. तू तिला सगळ्यात जास्त ओळखायचीस. ती चढली असती ना होडीत?"

वन्सं, मला माहीत नाही. तुमच्याबरोबर आयुष्य काढलं, तुम्हाला भेंडी कशी चिरलेली लागते, कुठल्या कुशीवर झोप लागते ते माहीत, आणि हे माहीत नाही. बूट आठवले की वाटतं, चढला असतात, आमच्या सगळ्यांच्या आधी. तुम्ही कपात बघत होतात ते आठवलं की वाटतं, आम्हाला बसवून दिलं असतंत, काठावरून हात हलवला असतात आणि संध्याकाळी म्हणाला असतात, माझ्या गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला गं. पण तिकडे ती पोरगी थांबली होती. तिला मी काय सांगणार होते? की तुझ्या आत्यानं दुसऱ्यांदाही नदीच निवडली असेल?

मी म्हटलं, "चढल्या असत्या गं. पहिल्या चढल्या असत्या. तुझ्यासाठीच तर निघाल्या होत्या."

ती रडायला लागली. गुरुवारपासून न रडलेली पोरगी, हमसून हमसून रडली. मला वाटलं, बरं झालं, सुटली. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "मग तू होडी का वळवलीस?"

मी म्हटलं, "माझं चुकलं, अनघा."

तिनं फोन ठेवला. तेराव्याला ती येणार नाहीये, जावयांनी नंतर कळवलं.

असू दे. मी तिची मनधरणी करणार नाही. ती माझ्यावर चिडलेली राहू दे, तुमच्यावर नको. माझ्यावर चिडायला मी अजून आहे. आत्या माझ्यासाठी नदी ओलांडणार होती, एवढं तिच्यापाशी राहू दे. तिला मी तसं सांगितलं, वन्सं, आणि तिला ते पटलं. आता मला तसं सांगायला कोण आहे?